डिव्हाइस ट्रीमध्ये बोर्डावरचं क्लॉक कसं लिहायचं

क्लॉकचे ठोके देणारा, बोर्डावर बसवलेला क्रिस्टल किती मेगाहर्ट्झचा आहे, हे लिनक्स कर्नल मोजून बघत नाही. डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलीत, जो आकडा असेल तोच तो खरा मानतो आणि पुढचे सगळे भागाकार त्यावरून करतो. त्यामुळे आकडा चुकला तरी बूट होताना कुठेही तक्रार दिसत नाही. चूक दिसते ती बसवर, आवाजात किंवा सीरियल पोर्टच्या कचऱ्यात.

खाली प्रॉपर्टींची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत लिहायची आणि अंकही इंग्रजीच (0 ते 9).

उदाहरण म्हणून एमसीपी२५१५ घेऊ. एसपीआय या चिपांमधल्या सीरियल बसवर जोडलेली, गाड्यांतल्या कॅन बसची ही कंट्रोलर चिप स्वतःच्या क्रिस्टलवर चालते. आधी बोर्डाचं स्केमॅटिक उघडा, मग क्रिस्टलच्या डबीवरचा छापील आकडाही वाचा, कारण दोन्ही जुळतीलच असं नाही. बाजारातल्या मॉड्यूलांवर ८, १२ आणि १६ मेगाहर्ट्झ असे तिन्ही क्रिस्टल दिसतात.

आता नोड, म्हणजे ट्रीतली एका भागाची नोंद. ट्रीच्या मुळाशी ‘क्लॉक-८००००००’ नावाचा नोड करा आणि त्याला ‘कॅन_ऑस्क’ असं लेबल द्या. त्यात तीनच ओळी लागतात: ‘कम्पॅटिबल’मध्ये ‘फिक्स्ड-क्लॉक’, ‘#क्लॉक-सेल्स’ शून्य आणि ‘क्लॉक-फ्रीक्वेन्सी’ ८००००००. आकडा हर्ट्झमध्येच लिहायचा. हा नोड एसपीआयच्या नोडच्या पोटात टाकू नका. तिथल्या प्रत्येक मुलाला कर्नल एसपीआय डिव्हाइस समजतो आणि ‘रेग’ प्रॉपर्टी सापडत नाही म्हणून लॉगमध्ये एरर टाकतो. नंतर कॅन चिपच्या नोडमध्ये ‘क्लॉक्स’ लिहून या लेबलाकडे बोट दाखवा. एकच क्लॉक असेल तर ‘क्लॉक-नेम्स’ची सहसा गरज नसते. एकापेक्षा जास्त असतील तर बाइंडिंगमध्ये (नोड कसा लिहायचा ते सांगणाऱ्या कर्नलच्या दस्तऐवजात) दिलेली नावं अक्षरन् अक्षर तशीच हवीत. नाव जुळलं नाही, तर क्लॉक मिळवणारं ‘सीएलके_गेट’ फंक्शन उणे २ (‘सापडलं नाही’) परत करतं.

रास्पबेरी पायवर हे सगळं ओव्हरलेमध्ये (ट्रीवर चढवायच्या तुकड्यात) तयार मिळतं, पण तिथे ऑसिलेटरचा डीफॉल्ट १६ मेगाहर्ट्झ आहे. मॉड्यूलवर ८ चा क्रिस्टल असेल, तर कॉन्फिग फाइलमधल्या ओव्हरलेच्या ओळीत ‘ऑसिलेटर=८००००००’ जोडावंच लागतं. इथेच सर्वात जास्त लोक अडकतात, म्हणून हिशोब नीट बघू.

एमसीपी२५१५ क्रिस्टलची वारंवारता आधी निम्मी करते. म्हणजे ८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर कॅनच्या वेळेचं मोजमाप ४ मेगाहर्ट्झवर चालतं, आणि ५०० किलोबिटला एका बिटमागे ८ क्वांटा (वेळेचे सर्वात लहान तुकडे) मिळतात. ट्रीत चुकून १६ लिहिलं, तर ड्रायव्हर १६ क्वांटांचा बिट आखतो. प्रत्यक्ष घड्याळ निम्म्या वेगाने चालत असल्यामुळे वायरवर २५० किलोबिटच जातात. ‘आयपी लिंक सेट’ कमांड मात्र निमूटपणे ५०० स्वीकारते. फ्रेम येत नाहीत आणि एरर काउंटर वाढत राहतात. सर्वात फसवी गोष्ट म्हणजे तीच चूक असलेले दोन बोर्ड टेबलावर एकमेकांशी छान बोलतात. गाडीच्या बसला जोडल्यावरच बिंग फुटतं.

तपासायला ‘आयपी -डीटेल्स लिंक शो कॅन०’ चालवा. तिथे ‘क्लॉक’पुढे ४०००००० दिसायला हवं, म्हणजे क्रिस्टलच्या निम्मं. ट्रीत खरोखर काय पोहोचलं हे ‘/प्रॉक/डिव्हाइस-ट्री’मधून हेक्सडंपने बघता येतं. ८ मेगाहर्ट्झ असेल तर चार बाइट ०० ७ए १२ ०० असे दिसतील, १६ असेल तर ०० एफ४ २४ ००.

८ मेगाहर्ट्झवर १ मेगाबिट मागितलं तर बिटमागे चारच क्वांटा उरतात. ते पुरत नाहीत आणि कमांड नाकारली जाते. मग ‘ट्रीत १६ लिहा, चालेल’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. कमांड चालेल, बस चालणार नाही. १ मेगाबिट हवं असेल तर क्रिस्टल बदला.

दोन पायांच्या क्रिस्टलऐवजी चार पायांचा ऑसिलेटर असेल आणि त्याची एनेबल पिन जीपीआयओला (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या पिनला) जोडलेली असेल, तर नुसता ‘फिक्स्ड-क्लॉक’ पुरत नाही. त्याच्या पुढे ‘जीपीआयओ-गेट-क्लॉक’चा नोड लावा, त्यात ‘एनेबल-जीपीआयओज’ द्या आणि चिपला या दुसऱ्या नोडशी जोडा.

एसओसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या मुख्य चिपच्या, आतल्या क्लॉकांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे एक कंट्रोलर डझनावारी क्लॉक देतो, म्हणून ‘#क्लॉक-सेल्स’ एक असतं आणि कोणतं क्लॉक हवं ते क्रमांकाने सांगायचं. हे क्रमांक बाइंडिंगच्या हेडरमधूनच घ्या. एकदा प्रसिद्ध झालेला क्रमांक बदलायचा नाही, कारण जुना डीटीबी (कंपाइल केलेला डिव्हाइस ट्री) नव्या कर्नलवरही चालायला हवा. प्रत्येक गेट आणि डिव्हायडरला वेगळा नोड देण्याची पद्धत काही जुन्या एसओसींच्या फाइलींत दिसते. नव्या कामात तिची नक्कल करू नका. कंट्रोलरचा एक नोड ठेवा, आतली रचना ड्रायव्हरमध्ये लिहा.

तो ड्रायव्हर तुम्हीच लिहीत असाल, तर ‘प्रिपेअर’ आणि ‘एनेबल’ यांतला फरक पाळा. ‘एनेबल’ स्पिनलॉक धरून बोलावलं जातं, तिथे झोपायला (थांबून वाट बघायला) मनाई आहे. एसआय५३५१सारखी क्लॉक देणारी चिप आय२सी बसवर असते आणि आय२सीचा व्यवहार झोपू शकतो, म्हणून तो ‘प्रिपेअर’मध्येच करायचा.

बूटच्या वेळी ठराविक पालक (ज्या क्लॉकवरून हे क्लॉक निघतं ते) किंवा वेग हवा असेल, तर ‘असाइन्ड-क्लॉक्स’, ‘असाइन्ड-क्लॉक-पेरेंट्स’ आणि ‘असाइन्ड-क्लॉक-रेट्स’ वापरा. ऑडिओत हे हमखास लागतं: ४८ किलोहर्ट्झला २५६ पट म्हणजे १२२८८०००, ४४.१ ला ११२८९६००. वेगाच्या यादीत शून्य लिहिलं की त्या क्लॉकचा वेग तसाच राहतो.

बूट जवळपास पूर्ण होतं आणि दर वेळी त्याच जागी बोर्ड गोठतो किंवा स्क्रीन काळी होते? बूटच्या शेवटी कर्नल कोणीही न मागितलेली क्लॉक बंद करतो. बूटलोडरने चालू ठेवलेलं एखादं क्लॉक ट्रीत कोणाच्याच नावावर नसेल, तर तेही जातं. कमांडलाइनवर ‘सीएलके_इग्नोर_अनयूज्ड’ टाकून बघा. बोर्ड सुरळीत चालला तर निदान पक्कं झालं, पण हा पर्याय कायमचा ठेवू नका. त्या क्लॉकचा खरा ग्राहक शोधून त्याच्या नोडमध्ये ‘क्लॉक्स’ लिहा. बूटलोडरच्या चित्रासाठी ‘सिंपल-फ्रेमबफर’च्या नोडलाही क्लॉक देता येतात. ज्याला ड्रायव्हरच नाही, उदाहरणार्थ एखादी आतली बस, त्यासाठीच प्रोव्हायडरमध्ये (क्लॉक देणाऱ्या ड्रायव्हरमध्ये) ‘सीएलके_इज_क्रिटिकल’ लावा.

कोणतं क्लॉक चालू आहे हे डीबगएफएस ही कर्नलची तपासणीची फाइलसिस्टम माउंट करून ‘सीएलके/सीएलके_समरी’मध्ये दिसतं. एनेबल काउंट शून्य असेल तर ड्रायव्हरने क्लॉक चालू केलेलं नाही. वेगाच्या रकान्यावर मात्र विसंबू नका. तो बहुतेक वेळा ट्रीतल्या आकड्यावरूनच काढलेला असतो, त्यामुळे शंका असेल तर ऑसिलोस्कोप लावा. क्रिस्टलच्या पायावर साधा प्रोब लावला तर त्याच्या कपॅसिटन्समुळे दोलन थांबू शकतं, म्हणून बफर केलेल्या आउटपुटवर मोजा. ड्रायव्हरचं प्रोब, म्हणजे डिव्हाइस सुरू करण्याचा प्रयत्न, उणे ५१७ (‘नंतर पुन्हा बघू’) देत लटकलं असेल, तर ‘डिव्हाइसेस_डिफर्ड’ बघा. बहुधा क्लॉक देणारा ड्रायव्हर कर्नल कॉन्फिगमध्ये बंदच असतो.