छोट्या संग्रहालयात रेघोट्या मारायला कसे जावे

चित्रकला येत नाही असे म्हणणाऱ्यांनी संग्रहालयात वस्तूंची रेखाटने करायचा नाद जरूर लावून घ्यावा. फोटो काढून पुढे सरकणाऱ्याच्या नजरेतून जे निसटते, ते पेन्सिल घेऊन दहा मिनिटे एकाच वस्तूसमोर उभे राहिले की दिसू लागते. सुरुवातीला जागा छोटी निवडा. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय त्यासाठी फार चांगले. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर केळकर यांनी गावोगाव हिंडून सुपारी कातरायचे अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, कुलपे अशा घरगुती वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. वापरातल्या वस्तूंचे आकार ओळखीचे असतात, त्यामुळे हात लवकर मोकळा होतो.

सामान अगदी थोडे लागते. ए-5 मापाची, जाड पुठ्ठ्याची वही घ्या, म्हणजे उभ्याने काढताना हातावर टेकवता येते. 0.7 मिमीची, 2बी म्हणजे मऊ शिशाची यांत्रिक पेन्सिल घ्या, 0.5 चे शिसे दाबले की तुटते आणि साध्या पेन्सिलला टोक करताना भुसा सांडतो. खोडरबर मळता येणारा असावा, त्याचा चुरा पडत नाही. शाईचे पेन, कोळसा आणि रंग घरीच ठेवा. कापडावर किंवा दगडावर उडालेला शाईचा थेंब निघत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी फक्त पेन्सिलच चालते.

सुट्टीचा वार प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. आधी फोन करा. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहलींचे दिवस टाळा. तिकीट काढतानाच विचारून घ्या, “वहीत पेन्सिलने रेखाटन केलं तर चालेल का?” फोटोचा नियम वेगळा असतो, तोही विचारा. पाठीवरची पिशवी पुढे घ्या आणि कपाटाच्या काचेला टेकू नका.

पहिली पंधरा मिनिटे वही उघडूच नका. सगळी दालने फिरा, जिथे पाय आपोआप थबकतात त्या तीनच वस्तू मनात धरा. दीड तासात तीन पुरे होतात. दहा-बारा काढायला गेलात तर प्रत्येकीची नुसती नोंद होते, बघणे राहून जाते.

समजा अडकित्ता निवडला.

1. वहीकडे न बघता, नजर त्याच्या कडेवरून सावकाश फिरवत एक मिनिट सलग रेघ ओढा. रेघ वेडीवाकडी येणारच. ती खोडू नका. तिचे काम डोळ्याचा वेग कमी करण्याचे आहे.

2. नव्या पानावर आधी दोन्ही दांड्या जोडणाऱ्या खिळ्याचा ठिपका द्या. तिथून दांड्यांची टोके किती लांब आणि किती तिरकी, ते पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून मोजा आणि तिथे खुणा करा.

3. आता दांड्या काढू नका, त्यांच्यामधली पोकळी काढा. ती पानासारखी आहे की पाचरीसारखी, सगळ्यात रुंद कुठे आहे, ते बघा. पोकळी नीट बसली की दांड्या आपोआप जागेवर येतात.

4. नक्षी शेवटी, तीही एकाच जागी: मुठीवरचा पक्षी, नाहीतर पात्याचा बाक. बाकी भाग कोरा राहिला तरी चालतो.

बहुतेकांचे चित्र तिसऱ्या पायरीवर फसते. अडकित्ता कसा असतो ते आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात समोरचा सोडून डोक्यातला अडकित्ता काढतो: दोन्ही दांड्या सारख्या, उघडीप ठरावीक. दुसरी चूक नक्षीपासून सुरुवात करण्याची. मोर मोठा होतो आणि पात्याला कागद उरत नाही. काचेवर दिव्याची चकाकी आली तर दोन पावले बाजूला सरा, पण एकदा रेघ सुरू झाली की जागा बदलू नका, नाहीतर सगळे कोन बदलतात.

वज्री काढताना खालची खरखरीत बाजू विसरू नका. पाय घासायला ती होती, वरचा हत्ती किंवा पक्षी म्हणजे मूठ.

हात बसला की चित्रांकडे वळा. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते उभारले. राजा रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रे, शिवाय इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडातले आई-मूल तिथे आहे. मोठ्या तैलचित्राची नक्कल करत बसू नका. चौकटीच्या प्रमाणात साधारण 5 सेंमीचा चौकोन आखा, डोळे किलकिले करा आणि फक्त तीन छटा भरा: काळोख, मध्यम, उजेड. चेहरे, दागिने काही नको. चित्रकाराने उजेड कुठे राखून ठेवला ते पाच मिनिटांत उमगते. मूरच्या शिल्पाभोवती मात्र फिरा आणि तीन बाजूंनी तीन बाह्यरेषा काढा.

प्रत्येक पानावर तारीख, संग्रहालयाचे नाव आणि पाटीवरची माहिती लिहा. घरी आल्यावर ती आठवत नाही. निघण्याआधी अभिप्रायाच्या वहीत कोणती वस्तू काढली तेही नोंदवा. मग पुढची खेप कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयाची ठरवा. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. तिच्यासाठी वहीची पुरी दोन पाने राखून ठेवा.