मेंदूच्या रंगीत चित्रातले रक्त कसे वाचावे

पुण्यातील महाविद्यालयांत मानसशास्त्र, जीवशास्त्र किंवा वैद्यक शिकणाऱ्यांसमोर एफएमआरआयची, म्हणजे मेंदूचे काम दाखवणाऱ्या चुंबकीय तपासणीची, चित्रे आता वरचेवर येतात. करड्या मेंदूवर एक केशरी ठिपका असतो आणि खाली ओळ असते, ‘वाचन करताना हा भाग सक्रिय झाला’. या ओळीवर विश्वास ठेवण्याआधी थोडे थांबावे, कारण यंत्राने चेतापेशींचे काम थेट पाहिलेले नसते. त्याने टिपलेला असतो तो त्या पेशींजवळच्या रक्तातील बदल, आणि पेशीपासून रक्तापर्यंतची वाट माहीत असल्याशिवाय त्या ठिपक्याचा अर्थ लावता येत नाही. म्हणून चित्र हाती आले की पुढील क्रमाने विचार करावा.

सुरुवात गरजेपासून करावी. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. त्याच्याकडे साठा जवळजवळ नसतो. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त मेंदूतून वाहते आणि एखाद्या कामामुळे हे एकूण प्रमाण फारसे बदलत नाही. बदलते ती वाटणी. जिथे काम वाढते तिथल्या वाहिन्या रुंदावतात, ही कल्पना केंब्रिजमध्ये रॉय आणि शेरिंग्टन यांनी १८९० मध्येच मांडली होती.

ही वाटणी नेमकी कोण करते, हे पुढे समजून घ्यावे. खडकवासल्याहून येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीतला दाब तसाच राहून एखाद्या पेठेत पाणी जास्त सुटते ते तिथली चावी फिरवल्यामुळे; मेंदूतही मुख्य रक्तवाहिन्यांमधला दाब न वाढता बारीक धमनिकांच्या भिंतीतील स्नायू सैल होतात. हे स्नायू सैल करणारे निरोप अनेक वाटांनी येतात. चेतापेशी ग्लुटामेट हे निरोप्या रसायन सोडतात, त्याने शेजारच्या काही चेतापेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होते आणि ते वाहिनीच्या भिंतीपर्यंत पसरते. अ‍ॅस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या पेशींची टोके वाहिन्यांना वेढून असतात. त्यांच्यातील कॅल्शियम वाढले की प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. शिवाय काम करणाऱ्या पेशींबाहेर साचलेले पोटॅशियम केशवाहिन्यांच्या अस्तरपेशींना जाणवते आणि त्यांच्यातून एक विद्युतसंदेश प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या धमनिकेपर्यंत जातो. केशवाहिनी ही केवळ नळी नसून ती मागणी ओळखणारी यंत्रणाही आहे, हा या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग आहे. आणि रुंदी थोडीच वाढली तरी पुरते: प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बाकी सारे तसेच राहून त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली तर हिशेबाने प्रवाह सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो.

आता जिथे बहुतेकांचा गोंधळ होतो तिथे यावे. पेशींनी प्राणवायू जास्त वापरला म्हणजे तिथल्या रक्तात तो कमी उरत असेल, असे आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात उलटे घडते. फॉक्स आणि रेचल यांनी १९८६ मध्ये हाताच्या बोटांना कंपन देऊन मोजले, तेव्हा मेंदूच्या संबंधित भागात रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला होता, प्राणवायूचा वापर मात्र फक्त ५ टक्क्यांनी. म्हणजे वरील निरोप तुटवडा पडण्याची वाट पाहत नाहीत, आणि येणारे रक्त गरजेपेक्षा जास्तच असते. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित विक्षेप आणते, प्राणवायूने भरलेले आणत नाही; हा फरक पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये दाखवला आणि सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये त्यावरून मेंदूची चित्रे घेता येतात हे उंदरांवर सिद्ध केले. ताजे रक्त आले की विक्षेप कमी होतो आणि यंत्राला मिळणारा संकेत वाढतो. ठिपका केशरी दिसतो तो या जादा पुरवठ्यामुळे.

यानंतर वेळेकडे पाहावे, आणि त्यासाठी अप्पा बळवंत चौकातून आणलेला साधा आलेख कागद पुरेसा आहे. आडव्या अक्षावर ३० सेकंद घ्यावेत. शून्यावर क्षणभर प्रकाश दाखवला असे समजावे. पहिली एक-दोन सेकंदे रेषा जवळपास सपाट ठेवावी, मग ती चढवत पाचव्या सेकंदाच्या आसपास शिखरावर न्यावी, बाराव्या सेकंदापर्यंत खाली आणावी, मूळ पातळीच्या किंचित खाली जाऊ द्यावी आणि हळूहळू परत वर आणावी. चेतापेशींचे काम सेकंदाच्या अंशात आटोपलेले असते. ही रेषा एकदा स्वतःच्या हाताने काढली की ‘आधी हा भाग पेटला, मग तो’ असे विधान केवळ चित्रावरून का करू नये, हे लगेच कळते. दोन भागांतील वाहिन्यांची चपळाईच वेगळी असू शकते.

चित्राखालचा मजकूर वाचताना तुलना कशाशी केली आहे हे शोधावे, कारण बदल बहुधा काही टक्क्यांचाच असतो आणि तो नेहमी दुसऱ्या एखाद्या स्थितीच्या तुलनेत मोजलेला असतो. ठिपका मोठ्या शिरेवर तर नाही ना, हेही पाहावे. रक्त वाहून पुढे गेल्याने संकेत काही मिलिमीटर सरकलेला असू शकतो. तपासणीपूर्वी चहा-कॉफी घेण्याबाबत काय नियम होता, हा प्रश्नही गांभीर्याने विचारावा. कॅफीन मेंदूतील वाहिन्या आकुंचित करते आणि विश्रांतीच्या वेळचा प्रवाह घटवते, त्यामुळे अमृततुल्यमधून कडक चहा पिऊन आलेली व्यक्ती आणि न पिता आलेली व्यक्ती यांची तुलना सरळ होत नाही.

चित्र रुग्णाचे असेल तर सर्वाधिक काळजी रंग नसलेल्या जागेची घ्यावी. गाठीभोवतीच्या किंवा अरुंद झालेल्या धमनीवर अवलंबून असलेल्या भागात चेतापेशी व्यवस्थित काम करत असूनही वाहिन्या रुंदावू शकत नाहीत, आणि हात हलवणारा भाग चित्रात कोराच राहतो. शस्त्रक्रियेची आखणी त्या कोऱ्या जागेवर विसंबून करणे धोक्याचे असते. अशा वेळी रुग्णाला यंत्रात असतानाच काही सेकंद श्वास रोखायला सांगता येतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने निरोगी वाहिन्या चेतापेशींच्या निरोपाविनाही रुंदावतात आणि जवळजवळ सगळीकडे संकेत चढतो. जिथे तो तेव्हाही चढत नाही, तिथल्या कोरेपणावरून काहीच ठरवू नये. तो भाग कामाचा आहे की नाही, हे शस्त्रक्रियेच्या वेळी मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श देऊन तपासावे लागते.