परवाना रद्द झाल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

परवाना निलंबित झाला, नोंदणी रद्द झाली, गाळ्याला सील लागलं की पुढचे दोन आठवडे कसे जाणार ते ठरलेलं असतं. साहेबांना भेटायचं, ओळख काढायची, विनंती अर्ज द्यायचा आणि ‘बघतो’ एवढं ऐकून परत यायचं. आदेश उघडउघड बेकायदा असला तरी माणूस हरतो, कारण या हेलपाट्यांत मुदत निघून गेलेली असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. विनंती अर्ज दिला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही, आणि तोंडी आश्वासनाने तर नाहीच नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ खाली परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर अन्न सुरक्षा आयुक्तांकडे अपील करायला १५ दिवस मिळतात. जीएसटीत कलम १०७ खाली ३ महिने मिळतात, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी १ महिना. म्हणजे प्रत्येक कायद्याचं गणित वेगळं. शेजाऱ्याला तीन महिने मिळाले म्हणून तुम्हालाही मिळतील, असं धरून चालू नका.

‘मुदत गेली तर गेली, हायकोर्ट आहेच’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ग्लॅक्सो स्मिथ क्लाइनचं आंध्र प्रदेशातलं व्हॅट प्रकरण वाचावं. करआकारणीचा आदेश जून २०१७ चा. अपिलाला ३० दिवस, विलंब माफी मिळाली तर आणखी ३०. अपील दाखल झालं सप्टेंबर २०१८ मध्ये आणि मुदतबाह्य म्हणून फेटाळलं गेलं. मग कंपनीने रिट (थेट उच्च न्यायालयात याचिका) केली, आणि उच्च न्यायालयाने करआकारणीचा आदेश रद्दही केला. पण मे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याने ठरवलेली कमाल मुदतही उलटून गेल्यावर रिटच्या वाटेने ती मुदत निरर्थक करता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, ते आपल्याला जमेल या भरवशावर राहू नये.

म्हणून आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का हा पुरावा आहे. मिळाल्याची तारीख पाकिटाच्या कोपऱ्यावर लिहा आणि पाकीट आदेशाला टाचून ठेवा. आदेश पोर्टलवर आला असेल तर तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. त्याच दिवशी साक्षांकित प्रतीसाठी अर्ज करा आणि अपिलाची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडा, पण खऱ्या तारखेच्या सात दिवस आधीची. अर्ज कोणताही असो, आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दुसरी चूक म्हणजे आदेश नीट न वाचणं. ‘रद्द’ हा शब्द दिसला की लोक थेट वकिलाकडे धावतात. आधी तीन गोष्टी पाहा: सही कोणाची, अधिकार कोणत्या कलमाचा, आणि कारण काय दिलंय. यावर गोरधनदास भानजी यांचा खटला आजही कामाला येतो. अंधेरीत चित्रपटगृह बांधायला मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी जुलै १९४७ मध्ये परवानगी दिली आणि सप्टेंबरमध्ये पत्र पाठवून ती रद्द केली. पत्रात लिहिलं होतं की शासनाच्या निर्देशावरून कळवण्यात येत आहे. पुढे कोर्टात बाजू मांडली गेली की निर्णय आयुक्तांचाच होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये ती मानली नाही. आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरून लावायचा, मागाहून दिलेल्या खुलाशावरून नाही. रद्द करण्याचा अधिकार आयुक्तांचा होता, त्यांनी तो स्वतःच्या बुद्धीने वापरलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्याच १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालाने हेच तत्त्व आणखी पक्कं केलं: आदेशात नसलेली कारणं प्रतिज्ञापत्रातून मागाहून भरता येत नाहीत.

मात्र गोरधनदास यांना न्यायालयाने थेट चित्रपटगृह दिलं नाही. आयुक्तांनी स्वतः विचार करून स्पष्ट आदेश काढावा, एवढंच सांगितलं. आदेश रद्द होणं म्हणजे परवाना हातात पडणं नव्हे. बरेचदा प्रकरण फेरविचारासाठी त्याच कार्यालयात परत जातं. तेव्हा फाइल जपून ठेवा.

कारणे दाखवा नोटिशीला ‘आरोप मान्य नाहीत’ असं एका ओळीचं उत्तर देऊ नका. मुद्देवार लिहा, ज्या अहवालावर नोटीस बेतलीय त्याची प्रत मागा, सुनावणीही लेखी मागा. नाही मिळाली तर नैसर्गिक न्यायाचा (बाजू मांडायची संधी न दिल्याचा) मुद्दा इथेच तयार होतो.

अपील केलं म्हणजे स्थगिती मिळाली, असं नसतं. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यायचा.

दंड भरावाच लागला तर ‘अंडर प्रोटेस्ट’ (हरकत कायम ठेवून) भरत असल्याचं पत्र त्याच दिवशी द्या.

अपिलाची सोय असताना सरळ रिट करायची असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या व्हर्लपूल निकालातले (१९९८) अपवाद तपासा: मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारक्षेत्रच नसणं, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. ‘अपिलात वेळ लागतो’ हे कारण त्यात नाही, आणि घाईतल्या माणसाकडे बहुतेक वेळा तेवढंच कारण असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज जरूर टाका, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. त्यासाठी अपील थांबवू नका.

नुकसानभरपाईचा विचार लोक आदेश रद्द झाल्यावर करू लागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो. कायद्यानुसार केल्याचं सांगितलेल्या कृतीबद्दल भरपाईच्या दाव्याला मुदत कायद्याच्या अनुच्छेद ७२ खाली १ वर्ष मिळतं, तेही कृती घडल्यापासून. सरकारविरुद्धच्या दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो काळ मुदतीत धरला जात नाही, पण नोटीस मुदतीतच जायला हवी. अपील चालू असतानाच बंद काळातली पगारपत्रकं, भाड्याच्या पावत्या, नासलेल्या मालाचा पंचनामा, रद्द झालेल्या ऑर्डरचे ईमेल आणि मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं तारखेवार लावून ठेवा.