शिकण्यासाठी पहिले विमान कसे निवडावे

वैमानिक व्हायचे ठरवलेली सातारा-सांगलीकडची मुले आणि त्यांचे पालक संस्थेची फी, वसतिगृह आणि बँकेचे कर्ज यांची बारकाईने चौकशी करतात. पण ज्या विमानात बसून शिकायचे त्याविषयी मात्र फारसे कोणी विचारत नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमाप्रमाणे खासगी परवान्यासाठी किमान ४० तासांचे आणि व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्या २०० पैकी निदान १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, म्हणजे पायलट इन कमांड म्हणून, करावे लागतात. यातले बहुतेक तास एकाच प्रकारच्या विमानात जाणार असल्याने प्रवेश घेण्यापूर्वीच त्या विमानाची नीट ओळख करून घेणे आवश्यक आहे.

आपल्याकडच्या प्रशिक्षण संस्थांत प्रामुख्याने सेसना १७२, काही ठिकाणी दोन आसनांचे सेसना १५२, पायपरचे पीए-२८, डायमंडचे डीए-४० आणि अलीकडे टेकनमचे पी-२००८ ही विमाने दिसतात. ही सर्व विमाने शिकण्यास योग्य आहेत. यांतले कोणते सर्वांत चांगले, या प्रश्नापेक्षा कोणते आपल्या अंगाला, आपल्या हवेला आणि खर्चाला मानवेल, हा प्रश्न अधिक उपयोगी आहे.

सुरुवात वजनापासून करावी. सांगली-कोल्हापूर हा कुस्तीचा मुलूख असल्याने उंचापुरी, भरल्या अंगाची मुले या भागात पुष्कळ आहेत, आणि छोट्या विमानात प्रत्येक किलोचा हिशोब द्यावा लागतो. सेसना १५२ चे उड्डाणावेळचे कमाल वजन ७५७ किलो असते. जुन्या विमानाचे रिकामे वजन ५२० किलो धरले, तर माणसे, सामान आणि इंधन यांसाठी २३७ किलो उरतात. शिकाऊ आणि इन्स्ट्रक्टर प्रत्येकी ९० किलोचे असतील आणि सोबत ५ किलोची पिशवी असेल, तर इंधनाला ५२ किलो मिळतात. एव्हगॅसचे, म्हणजे छोट्या विमानांच्या पेट्रोलचे, एक लिटर साधारण ०.७२ किलो भरते, म्हणजे ७२ लिटर. तासाला २२ ते २४ लिटर जळतात असे धरले, तर राखीव इंधन बाजूला ठेवून हाती दोन-सव्वादोन तास राहतात. धावपट्टीभोवतीच्या सर्किटच्या सरावाला एवढे भरपूर झाले. पण इन्स्ट्रक्टरसह एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या लांबच्या क्रॉस कंट्री उड्डाणाला ते अपुरे पडू शकते. सेसना १७२ एस या विमानाचे कमाल वजन १,१५७ किलो असते आणि त्याचे इंजिन १८० अश्वशक्तीचे असते. दोघेच बसले तर त्यात पुष्कळ वाव राहतो. टेकनम पी-२००८ स्वतः हलके असले तरी त्याची कमाल मर्यादाही ६५० किलोच्या आसपास आहे, म्हणून त्याचा हिशोब वेगळा करावा. संस्थेकडून त्या विशिष्ट विमानाचा वजन-संतुलन तक्ता मागून घ्यावा, कारण एकाच प्रकारच्या दोन विमानांचे रिकामे वजन सारखे नसते.

हा हिशोब आपल्या भागात अधिक कडक का होतो, हेही समजून घ्यावे. कराड, सांगली, बारामती हा सारा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० ते २,००० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी तापमान ३९ अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते, की १,९०० फुटांवरची धावपट्टी विमानाच्या दृष्टीने ५,००० फुटांच्याही वर असल्यासारखी होते. हीच डेन्सिटी अल्टिट्यूड. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते, पुढच्या पंख्याची (प्रोपेलरची) पकड सैल होते आणि धाव लांबते. समुद्रसपाटीवर प्रमाणित हवेत मिनिटाला ७१५ फूट चढणारे सेसना १५२ अशा दुपारी पूर्ण वजनाने ५०० फुटांच्या आसपासच चढते. त्यामुळे विमान लहान असेल, तर उन्हाळ्यात पहाटेच्या फेऱ्या मिळतील का, हे संस्थेला आधीच विचारावे. सकाळची थंड, स्थिर हवा शिकणाऱ्यालाही सोपी जाते.

पावसाळ्याचा विचार वेगळा आहे. सह्याद्रीकडून येणारा पश्चिमेचा वारा चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवतो, त्यावरून त्याच्या जोराची कल्पना यावी. सेसना १५२ च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा चाचणीत सिद्ध झालेला वेग १२ नॉट, सेसना १७२ च्या पुस्तिकेत १५ आणि पायपर वॉरियरच्या (पीए-२८ च्याच एका प्रकाराच्या) पुस्तिकेत १७ नॉट दिला आहे. शिकाऊ वैमानिकासाठी संस्थेची मर्यादा याहूनही कमी असते, आणि ते योग्यच आहे. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो, बाहेर २० अंश तापमान असतानासुद्धा. सेसना १५२ आणि वॉरियर यांना कार्ब्युरेटर आहे, तर सेसना १७२ च्या नव्या आवृत्त्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. कार्ब्युरेटर असलेले विमान टाळावे असे मी म्हणणार नाही. कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देण्याची, सवय लागलेला वैमानिक इंजिनाचा आवाज लक्ष देऊन ऐकायला शिकतो.

पंख वर असावेत की खाली, यावर हौशी मंडळी तासन्‌तास बोलतात. शिकणाऱ्याला त्याने मोठा फरक पडत नाही. उंच पंखांच्या सेसनातून खालची नदी, रस्ता, रेल्वे सहज दिसतात, मात्र वळताना आतल्या बाजूचा पंख नजरेच्या आड येतो. खालच्या पंखांच्या पायपरमध्ये याच्या उलट, आणि त्यात डाव्या-उजव्या टाकीचे इंधन आठवणीने बदलावे लागते. स्पिनचा, म्हणजे उचल गमावून विमान गरगरत खाली येण्याचा, मुद्दा मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. सेसना १५२ मध्ये हेतुपूर्वक स्पिन करण्यास मान्यता आहे, सेसना १७२ मध्ये ठरावीक वजनाच्या मर्यादेत आहे, तर वॉरियर आणि डीए-४० मध्ये नाही. स्पिनमधून सावरण्याचे प्रात्यक्षिक अनुभवी इन्स्ट्रक्टरसोबत एकदा तरी घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. ज्यांचे विमान त्याला चालत नाही त्यांनी संस्थेत दुसरे विमान आहे का, हे विचारावे.

कॉकपिटमधल्या काचेच्या पडद्यांचे, म्हणजे डिजिटल स्क्रीनचे, आकर्षण मुलांना फार असते, आणि एअरलाइनमध्ये पुढे तेच वापरायचे असल्याने ते अगदीच अनाठायी नाही. तरीही पहिले ३०-४० तास साध्या गोल, काट्यांच्या घड्याळांच्या (मापकांच्या) विमानात गेले, तर नजर बाहेर क्षितिजावर राहते आणि हाताला विमान कळते. पडद्यांची सवय नंतर लवकर होते.

यापुढचा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो: विमान रोज उडते का? ट्रॅक्टर घेताना जवळ फिटर आहे का आणि सुटे भाग मिळतात का, हे आपला शेतकरी आधी पाहतो. इथेही तेच पाहावे. संस्थेकडे त्या प्रकारची किती विमाने आहेत आणि आज त्यांतली किती उडण्याच्या स्थितीत आहेत, हे हँगरमध्ये जाऊन स्वतः मोजावे. दर १०० तासांची तपासणी जागेवरच होते की विमान बाहेरगावी न्यावे लागते, आणि इंजिनाच्या ओव्हरहॉलला किती तास उरलेत, हे विचारावे. सेसना १७२ एस मधल्या लायकॉमिंगच्या आयओ-३६० इंजिनाची आणि टेकनममधल्या रोटॅक्स ९१२ ची ही मुदत साधारण २,००० तासांची असते. ती संपत आली असून बदली इंजिन आलेले नसेल, तर तुमचे दोन-तीन महिने वसतिगृहात बसून जाऊ शकतात, आणि खंड पडला की शिकलेलेही विसरते. दोनच विमाने असलेल्या संस्थेतल्या नव्या कोऱ्या डीए-४० पेक्षा आठ-दहा जुनी, निगा राखलेली सेसना १७२ विमाने असलेली जागा मी निःसंकोच निवडेन.

खर्च तासाच्या दरावर जोखू नये. लहान विमानाचा तास स्वस्त असतो, पण ते वारंवार बंद पडत असेल तर राहण्याखाण्याचा खर्च वाढत जातो. सेसना व पायपर यांना एव्हगॅस लागते. हे इंधन पूर्वी आयात करावे लागे, आणि २०२२ साली इंडियन ऑइलने देशात तयार केलेले एव्हगॅस बाजारात आणले. डीए-४० एनजी जेट इंधनावर चालते. कोणतेही विमान असो, इंधनाचा साठा त्याच विमानतळावर असतो का, एवढे विचारून घ्यावे.

निर्णयापूर्वी त्याच प्रकारच्या विमानात ओळखीचे एक उड्डाण घ्यावे. आसन पुढे सरकवून त्याची खीळ रुळात नीट बसते का, पाय रडरचे (शेपटीच्या सुकाणूचे) पेडल पूर्ण दाबेपर्यंत पोहोचतो का, इंजिनाच्या झाकणापलीकडे क्षितिज दिसते का आणि इन्स्ट्रक्टरशी खांदे घासतात का, हे जमिनीवरच पाहून घ्यावे. उंची कमी असेल तर उशी घेता येते, मात्र ती प्रत्येक उड्डाणाला तीच असावी. एकदा प्रकार ठरला की सोलो, म्हणजे एकट्याने पहिले उड्डाण, होईपर्यंत तो बदलू नये. संस्था मध्येच दुसऱ्या विमानावर बसवत असेल, तर त्याच्या ओळखीसाठी लागणारे जादा तास कोणाच्या खात्यावर पडणार, हे प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावे.