एमआरआयच्या आधी घरी ‘स्टॅच्यू’
लहान मुलाचा एमआरआय ठरला असेल, तर चार दिवस आधीपासून ‘स्टॅच्यू’ खेळा. टेबलाखाली सतरंजीवर त्याला आडवं करा, मोबाइलवर मशीनचा ठकठक आवाज लावा. आधी 1 मिनिट, मग 5. खरा स्कॅन बहुधा 20 ते 45 मिनिटं चालतो, आणि पोर हललं की चित्र पुसट येतं. ‘काही होणार नाही’ म्हणण्यापेक्षा ‘खूप आवाज होईल, पण मशीन टोचणार नाही’ असं खरं सांगा. (इंजेक्शन असेल तर तेही लपवू नका.) करदोटा, वाळे, सेफ्टी पिन घरीच काढा, ऐनवेळी करदोट्याची गाठ सुटता सुटत नाही! सोबत आत थांबणार असाल, तर तुमच्याही अंगावर धातू नको. भूल देणार असतील, तर किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.