‘अंकल टॉम्स केबिन’वर लिहिताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या गुलामगिरीवरच्या हॅरिएट बीचर स्टोव यांच्या या कादंबरीविषयीच्या निबंधांत एक तक्ता हमखास सापडतो : नदी म्हणजे स्वातंत्र्य, झोपडी म्हणजे घर, गुलाममालकाची छोटी मुलगी ईव्हा म्हणजे देवदूत. मार्क मिळतीलही, पण कादंबरी हातून निसटते.

नदीचंच घ्या. पळून निघालेली गुलाम एलायझा पोराला कवटाळून बर्फाच्या लाद्यांवरून उड्या मारत ओहायो नदी ओलांडते आणि निबंध तिथेच थांबतो. पण १८५०च्या फरारी गुलाम कायद्यामुळे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतल्या राज्यांतही पळालेल्या गुलामांना आसरा देणं गुन्हा ठरलं होतं. म्हणूनच तिला पुढे पुरुषाचा वेश करून, मुलाला मुलगी बनवून कॅनडा गाठावा लागतो. या कायद्याच्या संतापातूनच १८५१ साली कादंबरी क्रमशः छापून येऊ लागली. तो वगळलात तर नदीचा अर्थ अर्धाच कळतो.

कादंबरीचा नायक, गुलाम टॉम, याला म्हातारा आणि लाचार ठरवू नका. ती प्रतिमा बरीचशी नंतरच्या नाट्यप्रयोगांनी रुजवली. पुस्तकातला टॉम धिप्पाड आहे, लहान मुलांचा बाप आहे. एका गुलाम बाईला फटके मारायला त्याचा शेवटचा मालक लेग्री सांगतो तेव्हा तो साफ नकार देतो. पळालेल्या कॅसी आणि एमलिन या गुलाम बायकांबद्दल तोंड उघडत नाही, म्हणून मार खाऊन मरतो. त्याच्या सोसण्याचं एवढं उदात्तीकरण का, असं मात्र जरूर विचारा. कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९४९ साली या कादंबरीच्या भावविवशतेवर कडक टीका केली होती, ती मला पटते.

सगळ्यात कमी वाचली जाणारी खूण म्हणजे केसांची बट. मरताना ईव्हा आपल्या बटा नोकरांना वाटते, त्या प्रेमाने. टॉमच्या गळ्यातल्या दोऱ्याला जुन्या मालकाच्या मुलाने, जॉर्ज शेल्बीने, दिलेला डॉलर असतो, सोबत ही बट. दोन्ही लेग्रीच्या हाती येतात. बट त्याच्या बोटाभोवती गुंडाळली जाते आणि तो किंचाळतो, कारण झिडकारलेल्या आईच्या मरणाच्या पत्रातून अशीच बट आली होती. तो ती जाळतो, डॉलर खिडकीची काच फोडून बाहेर भिरकावतो. वस्तू तीच, पण हात बदलला की अर्थ बदलतो. तक्त्यात हे कसं बसवणार?

‘उत्तर चांगली, दक्षिण वाईट’ हेही चालणार नाही. क्रूर लेग्री मूळचा उत्तरेतल्या न्यू इंग्लंडचा. ईव्हाच्या वडिलांची चुलत बहीण, उत्तरेतल्या व्हरमाँटची ऑफेलिया गुलामगिरीच्या विरोधात, पण टॉप्सी या गुलाम पोरीला हात लावायला तिला किळस वाटते.

अमेरिकी यादवी युद्धाबद्दल अध्यक्ष लिंकन यांच्या तोंडी घातलेलं, स्टोव यांना उद्देशून असलेलं ‘या छोट्याशा बाईंनी एवढं मोठं युद्ध सुरू केलं’ हे वाक्य सुरुवातीला डकवू नका, ते ऐकीव आहे. आणि महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं हे खरं, पण तेवढ्यावरून ते याच कादंबरीवरून सुचलं असं लिहू नका. अर्पणपत्रिकेत हिचा उल्लेख नाही.