बाटलीतल्या मनीप्लांटला खत

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत मनीप्लांट आहे. नुसत्या पाण्यावर पहिले काही महिने तो छान वाढला, मग नवी पानं बारीक आणि फिकट यायला लागली. पाण्यात अन्न जवळजवळ नसतंच, ते आपणच द्यायचं.

मी १९:१९:१९ हे विद्राव्य (पाण्यात विरघळणारं) खत वापरते, त्यात नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असतं. एक लिटर पाण्याला जेमतेम पाव ग्रॅम, म्हणजे दोन बोटांत मावेल एवढी छोटी चिमूट. महिन्यातून एकदाच. मातीत जास्तीचं खत थोडंफार धरून ठेवलं जातं. इथे ते थेट मुळांना लागतं. पाणी नळाचंच घ्या, रात्रभर उघडं ठेवलेलं. आरओच्या पाण्यात कॅल्शियम फारसं उरत नाही आणि या खतातही ते नसतं.

दर आठ-दहा दिवसांनी पाणी पूर्ण बदला, मुळं हलक्या हाताने धुवा. निरोगी मूळ घट्ट लागतं. तपकिरी, बुळबुळीत झालं तर कापून टाका आणि नवी मुळं फुटेपर्यंत खत बंद. चहाचा चोथा, शेणखत बाटलीत अजिबात नको, पाणी सडतं. शेवाळ धरत असेल तर बाटलीला खाकी कागद गुंडाळा.